मुका मार: डाग झाका, पण दुखणं गिळू नका

(मुर्धा गावातल्या बचत गटांच्या एकत्रित मासिक बैठकीत आपल्या महासंघाच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. बैठकीला येऊ न शकलेल्या सभासदांच्या आग्रहावरून ते इथे देत आहोत.)



मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाल्यावर मी विचारलं होतं, पुढच्या वेळी आरोग्याचा कोणता विषय घेऊ? मला वाटलं रक्तदाब म्हणाल, साखर म्हणाल. पण एक ताई हात पुढे करून म्हणाल्या, "हे बघ. पाण्याचा ड्रम सरकवताना लागलं. पुढच्या आठवड्यात भाचीची हळद आहे, बिनबाह्यांचा ब्लाउज शिवलाय. हा डाग जाईल कसा आणि नाही गेला तर झाकायचा कसा, तेवढं सांग." सगळ्या हसल्या, आणि विषय ठरला.

मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली मुलगी आहे. त्यामुळे जे सांगते ते घरच्या घरी करण्यापुरतं. दवाखान्यात कधी जायचं तेही सांगेन, आणि ते जास्त लक्षात ठेवा.

डाग पडतो म्हणजे काय होतं?

मुका मार लागतो तेव्हा वरची कातडी फाटत नाही, पण आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. त्यातलं रक्त कातडीखाली साचतं. तेच आपल्याला डाग म्हणून दिसतं. आधी लालसर, मग निळा-जांभळा, मग हिरवट, मग पिवळट, आणि शेवटी नाहीसा. शरीर ते साचलेलं रक्त हळूहळू शोषून घेतं, म्हणून रंग बदलतात. साधारण दोन आठवड्यांत साधा डाग जातो. पायावरचा डाग हातापेक्षा जास्त दिवस राहतो.

आपला रंग सावळा असला की निळं-हिरवं फार दिसत नाही, नुसतं काळपट किंवा तपकिरी दिसतं. म्हणून "काही दिसत नाही, म्हणजे लागलं नाही" असं समजू नका. हात लावून बघा. गरम लागतंय का, सुजलंय का, दाबलं की कळ येते का?

पहिले दोन दिवस थंड, नंतर ऊब

पहिली गोष्ट, पहिले दोन दिवस थंड शेक. बर्फ रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, काढायचा, दोन-तीन तासांनी परत. बर्फ सरळ कातडीवर ठेवू नका, कातडी भाजल्यासारखी होते. फ्रिज नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकंही चालतं. मासळीवाल्या ताईंकडे बर्फाला तोटा नाही, पण टोपलीतला बर्फ आधी स्वच्छ पिशवीत घाला आणि वरून फडकं गुंडाळा.

दुसरी गोष्ट, हाताला किंवा पायाला लागलं असेल तर तो भाग उशीवर जरा उंच ठेवून बसा. मला माहिती आहे, बसायला मिळतं कुणाला? पण रात्री झोपताना तरी पायाखाली उशी घ्या.

तिसरी गोष्ट, पहिले दोन दिवस चोळायचं नाही. आपल्याकडे लागलं रे लागलं की सासूबाई तेल घेऊन जोरात चोळतात. माया असते त्यात, पण आतल्या नाजूक वाहिन्या आणखी फुटतात आणि डाग पसरतो. गरम शेकही पहिले दोन दिवस नको. दोन दिवसांनी सूज उतरली की कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने दिवसातून दोन-तीनदा शेका. त्याने साचलेलं रक्त जिरायला मदत होते.

दुखत असेल तर पॅरासिटामॉलची गोळी चालते, पाकिटावर लिहिलंय तेवढीच. डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्ये ॲस्पिरिन असतं. ते रक्त पातळ करतं, म्हणून मुक्या मारावर ती गोळी नको. मेडिकलवाल्याला विचारून घ्या. लिव्हरचा त्रास असेल तर कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आता आपली आंबेहळद. आजी उगाळून लावायची, माझी आईपण लावते. कातडी फाटलेली नसेल तर लावायला हरकत नाही. त्याने डाग लगेच जातो असं मी म्हणणार नाही, पण थंडावा मिळतो आणि कुणीतरी शांतपणे आपल्याजवळ बसतं, तेही औषधच आहे. मात्र पहिल्या दिवशी गरम लेप नको, आणि खरचटलेल्या जागी तर अजिबात नको. चुना लावू नका, कातडी जळते. टूथपेस्टचा उपयोग नाही. आणि सुईने टोचून "काळं रक्त काढणं" हा प्रकार कुणी करत असेल तर आजपासून बंद. त्याने जखम पिकते.

लगेच दवाखान्यात कधी जायचं?

हे लिहून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला लिहायला सांगा.

डोक्याला लागलं आणि त्यानंतर उलटी होतेय, गुंगी येतेय, बोलणं अडखळतंय, दोन्ही डोळ्यांभोवती काळं पडलंय, तर घरी थांबायचं नाही.

डोळ्याला लागून अंधुक दिसतंय किंवा एकाचे दोन दिसतायत.

पोटाला मार लागलाय. त्यातून बाई गरोदर असेल, तर बाहेर डाग दिसो वा न दिसो, त्याच दिवशी तपासून घ्यायचं.

हात किंवा पाय हलवता येत नाही, वाकडा दिसतोय, किंवा सूज आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय.

कुणी गळा दाबला असेल. हे नीट ऐका. गळ्यावर एकही खूण नसली तरी आत इजा झालेली असू शकते, आणि तिचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. आवाज बसला, गिळताना त्रास होतोय, श्वास लागतोय, तर एक मिनिट थांबू नका.

आणि शेवटचं, काही न लागताच अंगावर डाग पडत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा ताप असेल, तर रक्त तपासून घ्या. पावसाळ्यात डेंग्यूतही असं होतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेल्या माणसांनी तर लहान मारसुद्धा डॉक्टरांना दाखवावा.

आपल्याला जवळचं म्हणजे भाईंदर पश्चिमेचं भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, ज्याला आपण सगळे टेंभा हॉस्पिटल म्हणतो.

आता झाकायचं कसं

ड्रमवाल्या ताई, आता तुमचा विषय. निळ्या-जांभळ्या डागावर नुसती पावडर थापली की तो राखाडी दिसतो, आणखी उठून दिसतो. निळ्याला केशरी रंग मारतो. म्हणून आधी केशरी किंवा पीच रंगाचा कन्सीलर, अगदी पातळ. तो नसेल तर केशरट लिपस्टिक बोटावर घेऊन पुसट थर द्या, हातासाठी तेवढं पुरतं. डाग पिवळट झाला असेल तर केशरीची गरज नाही. मग त्यावर आपल्या रंगाचं फाउंडेशन. चोळायचं नाही, बोटाने टिपत टिपत लावायचं. वरून थोडी पावडर. आदल्या दिवशी मनगटावर लावून बघा, खाज येते का. खरचटलेल्या कातडीवर काही लावायचं नाही. रात्री झोपायच्या आधी खोबरेल तेलाने हलक्या हाताने काढून टाका.

बस, एवढंच. आरोग्याचं भाषण इथे संपायला हवं होतं. पण "झाकायचं कसं" हा प्रश्न तुम्ही विचारलात त्या रात्री मला झोप लागली नाही. का, ते सांगते.

वीस रुपये दंड

गोष्ट दुसऱ्या गावातली आहे. नाव सांगणार नाही, आणि ओळख लागू नये म्हणून दोन-चार बारीक गोष्टी बदलल्या आहेत. मला या कामाला लागून सहा महिने झाले होते. गटातली एक ताई सलग दोन बैठकांना आली नाही. तिसऱ्या बैठकीला आली. मे महिना, घामाच्या धारा, आणि हिचा ब्लाउज मनगटापर्यंत. पदर कानावरून ओढलेला. मी मांडीवर रजिस्टर घेऊन बसले होते. सगळ्यांच्या समोर मोठ्याने म्हणाले, "ताई, दोन गैरहजेऱ्या, वीस रुपये दंड. आणि हे गालाला काय झालं हो?"

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे. ती म्हणाली, "मोरीन पाय घसरला."

कुणीतरी म्हणालं, "मोरी घासत जा गो बाय." दोघी-तिघी हसल्या. मीपण हसले. वीस रुपये घेतले, पावती दिली.

बैठक संपल्यावर एक आजी माझ्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, तिची मोरी रात्रीच निसरडी होते."

बायांनो, मी समाजकार्याची पदवी घेतलेली. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा मी परीक्षेत लिहिला होता, मार्कही चांगले पडले होते. आणि मार खाऊन आलेल्या बाईकडून मी वीस रुपये दंड घेतला होता. ती नंतर तीन महिने गटात आली नाही.

मी तिच्या घरी गेले. नवरा दारात बसलेला. आम्ही पासबुकाविषयी बोललो आणि मी परत आले. दुसऱ्यांदा गेले, तेच. तिसऱ्यांदा ती मला बसस्टॉपवर भेटली, डोक्यावर भाजीची टोपली. बस यायला दहा मिनिटं होती. त्या दहा मिनिटांत तिने सगळं सांगितलं. मी एवढंच म्हणाले, "माझं चुकलं. मी सगळ्यांसमोर विचारायला नको होतं."

मी मनात धरून होते की ती म्हणेल, मला यातून सोडव. ती म्हणाली, "मला घर सोडायचं नाही. मला फक्त हे थांबायला पाहिजे. आणि एक विचारू? दवाखान्याचा कागद आहे माझ्याकडे. घरात ठेवला तर तो फाडेल. आपल्या गटाच्या पेटीत राहील का?"

गटाची पेटी तुम्हाला माहितीच आहे. आत पैसे, पासबुकं, रजिस्टर. किल्ल्या वेगवेगळ्या बायांकडे. तिने तिचा कागद बंद पाकिटात घालून त्या पेटीत ठेवला. पाकिटावर नाव नाही, फक्त एक खूण. आजही आहे. ती आता गटात येते. समुपदेशनाला गेली, दुसऱ्या वेळी नवराही आला. मार थांबला का? ती म्हणते कमी झालाय. पूर्ण थांबला असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

झाकण्याआधी तीन गोष्टी

प्रत्येक डागामागे मारच असतो असं नाही. ड्रमवाल्या ताईंना ड्रमच लागला, त्यांच्या मालकांकडे उगाच संशयाने बघू नका! मिठागरात, शेतात, मासळीच्या धंद्यात, लोकलच्या गर्दीत बाईला रोजच कुठे ना कुठे लागतं. पण आपल्या देशात २०१९ ते २१ मध्ये जो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा सर्व्हे झाला, त्यात १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायांपैकी सुमारे २९ टक्के बायांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. म्हणजे दहा जणींच्या गटात जवळपास तिघी. आणि हिंसा सोसणाऱ्या बायांपैकी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. बाकीच्यांचे पाय मोरीतच घसरतात.

डाग झाकायचा की नाही, हा त्या बाईचा निर्णय. कुणाला कामावर जायचं असतं, कुणाला मुलांच्या शाळेत. झाकते म्हणून तिला नावं ठेवू नका. मी फक्त एवढं म्हणते, की डाग माराचा असेल तर झाकण्याआधी तीन गोष्टी करा.

एक, फोटो. उजेडात दोन काढा. एक जवळून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे डाग केवढा ते कळेल. एक लांबून, चेहरा दिसेल असा. तारीख लिहा. आणि फोटो आपल्या फोनवर ठेवायला भीती वाटत असेल तर विश्वासातल्या बाईच्या फोनवर पाठवून आपल्याकडचा पुसून टाका. डाग दोन आठवड्यांत जातो. फोटो राहतो.

दोन, केस पेपर. डॉक्टरांना खरं सांगा, कुणी मारलं, कशाने मारलं, आणि तसंच लिहून घ्या म्हणा. "पडले" असं सांगितलं तर कागदावर "पडली" असंच येतं, आणि उद्या तोच कागद आपल्या विरोधात जातो. सरकारी दवाखान्यात अशा जखमेची एमएलसी म्हणून नोंद होऊन पोलिसांना कळवलं जाऊ शकतं. त्याला घाबरू नका. तक्रार करायची की नाही हे तुम्ही ठरवू शकता. उपचार आणि नोंद आधी.

तीन, एका माणसाला सांगा. एकच. बहीण, शेजारीण, गटातली मैत्रीण. अडचणीत फोन आला तर काय करायचं हे दोघींनी आधी ठरवून ठेवा.

मदत कुठे मिळते

तातडीचा धोका असेल तर ११२. महिलांसाठी हेल्पलाइन १८१. फुकट वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१००. बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो, हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

२००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात मारहाणच नाही, तर शिवीगाळ, धमकी, पैसे अडवणं, लैंगिक जबरदस्ती हे सगळं हिंसाचारात येतं. फक्त बायकोलाच नाही, तर आई, बहीण, विधवा सून यांनाही तो लागू आहे. आणि बसस्टॉपवरच्या ताईसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बाई ज्या घरात राहते त्या घरात राहण्याचा हक्क तिला आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात.

मुंबईत बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये 'दिलासा' नावाचं केंद्र आहे. सेहत ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी २००० च्या सुमारास ते सुरू केलं. हॉस्पिटलच्या आतच, म्हणजे बाई औषधाला आली असं सांगून समुपदेशनालाही जाऊ शकते. भाईंदरहून लोकल थेट बांद्र्याला जाते. आणि मी ज्या शिक्षणातून आले त्यातली एक जुनी गोष्ट सांगते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या आवारातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस चौकीत समाजकार्यकर्ती बसलेली असते ही कल्पना तिथून आली. म्हणजे आपल्याआधी कितीतरी बायांनी हा रस्ता करून ठेवलाय. आपण फक्त त्यावरून चालायचं आहे.

आपल्या गटाने काय करायचं

मी तीन सूचना मांडते. पटल्या तर आजच ठराव करू.

पहिली, गैरहजेरीचं कारण सगळ्यांसमोर विचारायचं नाही. दंड घ्यायचा का, हे अध्यक्ष आणि सचिवांनी त्या बाईशी एकटीत बोलून ठरवायचं. मी घेतलेले वीस रुपये परत कधीच कुणाकडून घेतले जाऊ नयेत.

दुसरी, कुणाच्या अंगावर डाग दिसला तर बैठकीत "काय झाला गो?" नाही. नंतर, एकटीत, हळू आवाजात एवढंच विचारायचं, "घरी बरं आहे ना? काही लागलं तर मी आहे." ती "पडले" म्हणाली तर "बरं" म्हणायचं आणि दार उघडं ठेवायचं. आज नाही सांगितलं तर महिन्याने सांगेल. तिच्या नवऱ्याला जाब विचारायला परस्पर जायचं नाही. रात्री घरात त्याच्यासोबत तीच असते, आपण नाही. आणि इतिवृत्तात यातलं एक अक्षर लिहायचं नाही.

तिसरी, पेटीत जागा. कुणी बंद पाकीट ठेवायला दिलं तर काय आहे न विचारता ठेवायचं, आणि मालकिणीलाच परत द्यायचं.

आपण दहा-दहा वर्षं एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतोय. हप्ता चुकला तर एकमेकींचा हप्ता भरतोय. पैशाच्या बाबतीत जो विश्वास आहे, तोच इथे ठेवायचा, वेगळं काही करायचं नाही.

आता खूप बोलले. ड्रमवाल्या ताई, पुढे या. माझ्या पिशवीत केशरी कन्सीलर आहे, तुमच्या हातावरच करून दाखवते. बाकीच्यांनी जवळ या, म्हणजे दिसेल. आणि कुणाला माझ्याशी बोलायचं असेल तर मी बैठकीनंतर बसस्टॉपवर असते. बस यायला नेहमीच दहा मिनिटं लागतात.